क्रेलचा अंगठा

मी जे सांगणार आहे त्यावर रहाटणीत कुणी विश्वास ठेवणार नाही. ठेवूही नये. मी स्वतः डोळ्यांनी बघत होतो आणि मलाच ते पटत नव्हतं. ज्या माणसानं आयुष्यात अमेरिकेचा फुटबॉल हातात धरलेला नाही, अशा बहात्तर वर्षांच्या माणसानं चाकणला एका कंपनीच्या गेटवर बसून नऊ अमेरिकन साहेबांना हरवलं. आणि कितीनं, तर एक दशांश गुणानं.

आमच्या बिल्डिंगखालच्या बाकावर हे वाक्य मी टाकलं तेव्हा संध्याकाळचे सात वाजत होते. बाकावर रियाज होता. काळेवाडी फाट्यावर त्याचं टू-व्हीलरचं गॅरेज आहे. दुसऱ्या टोकाला दौलतराव, इथले मूळचे गावकरी. आमची बिल्डिंग उभी आहे तिथं पूर्वी त्यांची ज्वारी होती, म्हणून बाकाचा तो कोपरा कायमचा त्यांचा.

"काका, फुटबॉल म्हणजे पायानं खेळतात तोच ना?" रियाज म्हणाला.

"अमेरिकेत हातानं खेळतात."

"मग फुटबॉल कशाला म्हणायचं?"

"ते तिकडं जाऊन विचार. मी सांगतोय ते ऐक. आयपीएलला तू मोबाइलवर अकरा जण निवडतोस ना? खेळाडू खरे, संघ तुझ्या मनातला. ते मैदानात जे करतील त्याचे गुण तुला. तसंच हे. त्यात रिसिव्हर नावाचा एक गडी असतो. लांब पळायचं आणि लांबून फेकलेला चेंडू झेलायचा, एवढंच त्याचं काम. एक झेल, एक गुण. झेल घेऊन दहा यार्ड पुढं गेला, आणखी एक गुण. रेषेपार गेला तर सहा."

"आन् म्हागं गेला तर?" दौलतरावांनी विचारलं.

दौलतराव दिवसातून एकच प्रश्न विचारतात, पण तो बरोबर जागी लागतो. "मागं गेला तर कापतात. हे लक्षात ठेवा, दौलतराव. पुढं लागणार आहे."

आता हा खेळ आमच्या घरात कसा शिरला ते सांगतो. माझी सून वर्षाली चाकणच्या एका कारखान्यात प्लॅनिंगला आहे. कारखान्याची मूळ कंपनी अमेरिकेतल्या ओहायोची. तिथल्या साहेबांबरोबर तिचा रोज कॉल असतो, संध्याकाळी साडेसातला. ओहायोत तेव्हा सकाळचे नऊ. साहेब आंघोळ करून, कॉफी घेऊन ताजेतवाने. आणि आमच्याकडं ती इंदूच्या जेवणाची वेळ.

इंदू म्हणजे इंद्रायणी, माझी नात. साडेचार वर्षांची. ती आईच्या हातानं जेवते. आजीनं भरवलं तर अर्धं जेवते, आणि मी भरवलं तर घास गालात धरून माझ्याकडं बघत बसते, कुठवर धीर धरतो म्हणून. माझा मुलगा निरंजन छत्रपती संभाजीनगरच्या प्लांटला, तो उगवतो फक्त गुरुवारच्या सुट्टीला. म्हणजे उरले सहा दिवस. सहाही दिवस दाराआड आई ओहायोशी बोलतेय आणि दाराबाहेर पोर गालात घास धरून बसलीय.

कॉल लवकर घ्या, असं वर्षालीनं चार वेळा सांगून पाहिलं. पाचव्या वेळी ग्रेग नावाचा तिचा साहेब हसला. म्हणाला, "आमची ऑफिसची लीग आहे. दहा जण खेळतो. एक जागा रिकामी झालीय, तू ये. जिंकलीस तर कॉल तुझ्या साडेचारला. आम्ही पहाटे सहाला उठू. हरलीस तर वर्षभर हा विषय काढायचा नाही." आणि हे त्यानं सगळ्यांच्या ग्रुपवर लिहून टाकलं.

"म्हणजे पोरीच्या जेवणावर मॅच लागली," रियाज म्हणाला.

"तंतोतंत."

सप्टेंबरपासून आमच्या घरात वरण-भाताच्या जोडीला अमेरिकेचा फुटबॉल आला. वर्षाली कामावर, म्हणून बातम्या वाचायच्या, व्हिडिओ बघायचे, टिपून ठेवायचं, हे काम माझ्याकडं. मी भोसरीत एकतीस वर्षं फायनल इन्स्पेक्शनला काढली आहेत. माझ्या टेबलावर दोन ट्रे असायचे, हिरवा आणि लाल. पास झालेला पीस हिरव्यात. आणि ज्याच्यावर नुसती शंका आली तो लाल ट्रेमध्ये. कारण मागाहून शोधायचं. आधी पीस बाजूला. शंका पोटात ठेवून मी एकतीस वर्षांत एक पीस गाडीत चढू दिला नाही.

तर डिसेंबर संपत आला आणि वर्षाली फायनलला पोचली. समोर खुद्द ग्रेग. सगळे सामने झाले, एक उरला. ग्रेगचे सगळे गडी खेळून संपले होते आणि तो बारा पूर्णांक चार दशांश गुणांनी पुढं होता. वर्षालीची एकच जागा शिल्लक, आणि त्या जागेसाठी रिसिव्हर दोन. दोघंही त्याच शेवटच्या सामन्यात, एकमेकांच्या विरुद्ध संघांतून खेळणार.

एक क्रेल. सहा फूट चार इंच, दोन्ही कानांत हिरे. चालला तर एका सामन्यात पंचवीस गुण काढायचा आणि नाही चालला तर तीन. रुक्मिणी, माझी बायको, त्याला विमान म्हणायची. दुसरा पिकेट. बुटका, जाड मानेचा, बँकेतल्या कारकुनासारखा चेहरा. ती त्याला रिक्षा म्हणायची. माझ्या वहीत दोघांचं रिजेक्शन लिहिलेलं होतं. शंभरातले अकरा चेंडू क्रेलच्या हातातून सुटायचे. पिकेटच्या हातातून दोन.

"पिकेटच," रियाज म्हणाला. "विचार कसला त्यात?"

"मीही तेच म्हणालो. पण वर्षाली हुशार. म्हणाली, बाबा, आपल्याला साडेबारा हवेत. पिकेट दर वेळी अकरा देतो. अगदी नियमानं. आपल्याला नियमानं हरायचंय का?"

रियाजनं कानाची पाळी ओढली. त्याला पटलं होतं. पटण्यासारखंच होतं.

क्रेल लावायचा ठरलं. भानगड एकच. त्याचा गुडघा दुखत होता, ऐनवेळी तो बाहेर बसेल अशी कुजबुज होती. सामना तिकडं सोमवारी रात्री, म्हणजे आपल्याकडं मंगळवारी सकाळी पावणेसातला. पावणेसातला ॲपला कुलूप. मग कुणाला बदलता येत नाही. आणि नेमकी त्याच मंगळवारी कंपनीत वर्षअखेरची स्टॉकची मोजणी.

मोजणी म्हणजे काय ते चाकणवाल्याला विचारा. सहाच्या ठोक्याला स्टोअरचं शटर खाली. आतला आत, बाहेरचा बाहेर. मोबाइल गेटवर जमा, बदल्यात नंबरचा पितळी बिल्ला. शेवटचा बोल्ट मोजून होईपर्यंत शटर उघडत नाही.

म्हणून पहाटे बस पकडताना वर्षालीनं टॅब माझ्या हातात दिला. पासवर्ड इंदूची जन्मतारीख. म्हणाली, "बाबा, क्रेल लावलाय. तो मैदानात उतरलाच नाही, तरच पिकेट. नाहीतर कशाला हात लावू नका." सव्वापाचला तिनं बसमधून मेसेजही टाकला, "क्रेलचं नाव यादीत आहे. खेळतोय. हात लावू नका." म्हणजे दोनदा.

"दोनदा बोलली," रियाज म्हणाला.

"माहीत आहे मला. तूही दोनदा सांगू नकोस."

सहा वाजून पाच मिनिटं. टॅबवर मैदान दिसत होतं. खेळाडू अंग मोकळं करत होते. क्रेल धावला, गुडघा ठणठणीत. मला हायसं वाटलं. मी चहाचा कप उचलला आणि तेवढ्यात कॅमेरा त्याच्या हातावर गेला. उजव्या अंगठ्याला पांढरी पट्टी.

गुडघ्याची बातमी सगळ्या जगाला होती. अंगठ्याची कुठंच नव्हती. मी चित्र थांबवलं, मोठं केलं, पुढं सरकवलं. त्यानं एक चेंडू झेलला आणि हात झटकला. तुम्ही म्हणाल, माणूस हात झटकतोच. पण ज्या माणसाचं काम हातानं झेलायचं, त्यानं अंगठा बांधलाय आणि झेलल्यावर हात झटकतोय! माझा हात आपोआप लाल ट्रेकडं जायला लागला.

वर्षालीला फोन लावला. रिंग जातेय. कोण उचलणार? गेटवर सत्तेचाळीस नंबरच्या खणात तो बिचारा एकटाच थरथरत असणार. कंपनीच्या गेटचा नंबर लावला; शिफ्ट भरायची वेळ, चारशे माणसं आत जाताहेत, तिथं फोन कोण घेतो? सहा वाजून दहा मिनिटांनी मी टॅब पिशवीत घातला आणि ॲक्टिव्हाची किल्ली उचलली.

"स्वेटर घाला!" रुक्मिणी ओरडली. ती जिन्यापर्यंत आली असेल. मी तोवर कोकणे चौकात होतो.

"काका," रियाज पुढं सरकला, "रहाटणी ते चाकण, सकाळी शिफ्टच्या टायमाला, अर्ध्या तासात?"

"तीस मिनिटांत. नाशिक फाट्याला सहा वाजून सतरा. मोशीला काटा ऐंशीवर."

"ती गाडी माझ्याकडं सर्व्हिसिंगला येते. पंचावन्नला खडखडते."

"त्या दिवशी नाही खडखडली. आणि खरं ऐकायचं असेल तर पुढचं ऐक. चाकणला आलो आणि तळेगाव चौक मोकळा होता."

दौलतरावांनी तोंडातली तंबाखू थुंकली. ज्यांनी हा चौक पाहिला नाही त्यांना यातलं काही कळणार नाही. तिथं ट्रेलरच्या मागं ट्रेलर लागलेला असतो आणि ड्रायव्हर खाली उतरून दाढी करून घेतात.

"मोकळा?" रियाज म्हणाला.

"एक कुत्रं आडवं झोपलं होतं. मी त्याला वळसा घालून गेलो."

"ठीक आहे काका, चौक मोकळा. मी मानतो. पुढं?"

सहा चाळीसला मी महाळुंगेच्या रस्त्यावरच्या त्या गेटवर. गेटवर सयाजी, परभणीकडचा सिक्युरिटीवाला. मी सांगितलं, स्टोअरमध्ये वर्षालीला निरोप द्या, फक्त हो की नाही एवढंच विचारा.

"काका, तसं जमत नसतंय," तो म्हणाला. "शटर पडलं. आता मालक आला तरी उघडत नसतंय."

"पाच मिनिटांचा प्रश्न आहे."

"कुणी आजारी हाय का घरात?"

"अमेरिकेतल्या एका माणसाच्या अंगठ्याला पट्टी आहे."

त्यानं माझ्याकडं नीट बघितलं. मग मला केबिनमध्ये घेतलं, खुर्ची दिली आणि पाणी दिलं. माणूस चांगला. मी टॅब टेबलावर उभा केला आणि त्याला क्रेलचा हात दाखवला.

सयाजी म्हणाला, "आता बघा. आमच्या प्रेसवरली पोरं रोजच बोटाला पट्टी बांधून येत्यात. काम थांबतंय व्हय?"

सहा त्रेचाळीस. शटर समोर दिसत होतं, शंभर पावलांवर. शटराच्या पलीकडं वर्षाली उभी राहून बोल्ट मोजत होती, आणि आपला क्रेल जागच्या जागी आहे या भरवशावर मोजत होती. स्क्रीनवर दोन नावं. क्रेलच्या नावापुढं हिरवी खूण. पिकेट खाली, राखीव गड्यांत. माझं बोट मधे.

सहा चव्वेचाळीस. वर्षालीनं दोनदा सांगितलंय, हात लावू नका. ही तिची बाजी, तिची पोरगी. पण डोळ्यांसमोर पट्टी. आणि कानांत आमच्या जुन्या फोरमनचा आवाज, शंका आली का? मग थांबलास कशाला? माझ्या बोटाला घाम आला होता. एकतीस वर्षांत मी हजारो पीस बाजूला काढले असतील. कुणी एकदाही हात लावू नका म्हणालं नव्हतं.

"काका, इकडं खाली आकडं पळायलेत," सयाजी म्हणाला. "नऊ, आठ..."

मी क्रेलला काढला आणि पिकेटला घातला. कुलूप पडलं.

"घातला?" रियाज ओरडलाच. "वहिनी दोनदा नको म्हणाली आणि तुम्ही घातला?"

"घातला."

"या अल्ला!"

मग सुरू झाले ते तीन तास. पहिल्या तासात पिकेटचे दोन झेल. ठक, ठक, जसा कारकून शिक्का मारतो. केबिनच्या काचेला एक ट्रेलरचा ड्रायव्हर येऊन चिकटला. मग त्याचा क्लीनर. मग मागच्या गाडीचा ड्रायव्हर. नऊ वाजेपर्यंत गेटवर चाळीस जण उभे होते आणि त्यांच्या गाड्या पार रस्त्यापर्यंत. एकही गाडी हॉर्न वाजवत नव्हती. चाकण एमआयडीसीत दहा मिनिटं एक हॉर्न वाजला नाही.

"हे तर चौकापेक्षा भारी आहे," रियाज म्हणाला. "पण तेही मानलं. आणि क्रेल? तो काय करत होता?"

"क्रेलचं काय घेऊन बसलास? आपला गडी पिकेट."

शेवटचं एक मिनिट. पिकेटचे झेल सहा, यार्ड अठ्ठावन्न. हिशोब करा, अकरा पूर्णांक आठ. नेहमीसारखे अकरा! हवे होते बारा पूर्णांक चारच्या वर. एक झेल, फक्त एक. चेंडू हवेत गेला, पिकेटकडं आला. एकानं त्याचा पाय धरला, दुसऱ्यानं कंबर, तिसरा हेल्मेटला लोंबकळत होता. तशा अवस्थेत त्यानं एका हातानं चेंडू पोटाशी दाबला. झेल! केबिन उसळली. पण ते तिघं त्याला मागं ओढायला लागले. एक यार्ड, दोन यार्ड, तीन यार्ड...

"म्हागं गेला की कापत्यात," दौलतराव श्वास रोखून म्हणाले.

"कापतात! म्हणून तर मी सुरुवातीला सांगितलं. झेलाचा एक मिळाला, तीन यार्डांचे तीन दशांश गेले. हातात किती? बारा पूर्णांक पाच! ग्रेगपेक्षा एक दशांश जास्त. तिकडं पब्लिक पिकेटला शिव्या घालतंय, मागं कशाला गेलास म्हणून, आणि इकडं चाकणला चाळीस ड्रायव्हर एकमेकांना मिठ्या मारताहेत."

रियाजनं मांडीवर थाप मारली. "आणि वहिनी?"

दहाला शटर उघडलं. वर्षाली बाहेर आली. मला गेटवर पाहून तिचा चेहरा उतरला; तिला वाटलं, घरी काहीतरी झालं. तिनं सयाजीला बिल्ला दिला, सयाजीनं सत्तेचाळीसच्या खणातून मोबाइल काढून तिच्या पुढं धरला. तिनं तो घेतला नाही. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. मग पिशवीतून डोकावणाऱ्या टॅबकडं. मग परत माझ्या तोंडाकडं.

इथं मला जरा खोकला आला.

"मग?" दौलतराव म्हणाले. हा त्यांचा दुसरा प्रश्न. दिवसाचा विक्रम.

"मग काय? जिंकलो की! मी दोन्ही हात वर केले. पोरगी गेटवरच नाचली. ग्रेगनं शब्द पाळला; अमेरिकन माणूस, लिहून दिलेलं मोडत नाही. तेव्हापासून कॉल दुपारी साडेचारला. ग्रेग पहाटे टोपी घालून जांभया देत बसलेला असतो. साडेसहाला वर्षाली घरी. इंदू आईच्या हातानं जेवते, पोळीसुद्धा मागून घेते."

रियाज मान हलवत होता. "काका, मानलं. एका अंगठ्यावरून तुम्ही ओहायो उठवलं."

लिफ्टचं दार उघडलं. इंदू दोन्ही हातांत ताट धरून, जीभ दातांत पकडून, वरण सांडू नये म्हणून एकेक पाऊल टाकत आली. ताट माझ्या मांडीवर ठेवलं आणि शेजारी बाकावर चढून बसली.

वरून गॅलरीतून रुक्मिणीचा आवाज आला, दबका, पण ती दबकं बोलली तरी गेटपर्यंत जातं. "अहो, तिथंच भरवा तिला. एवढ्यात वर आणू नका, आवाज जातो आत."

मी भात कालवायला घेतला. इंदूनं पहिला घास तोंडात घेतला, गालात सरकवला आणि माझ्याकडं बघत बसली. दौलतराव गेटकडं बघायला लागले.

रियाजनं खिशातून मोबाइल काढला, वेळ बघितली, वर दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या बंद खिडकीकडं बघितलं. साडेसात होऊन दोन मिनिटं झाली होती.

"काका," तो हळूच म्हणाला, "गाडी ऐंशीनं पळाली, मानलं. तळेगाव चौक मोकळा, मानलं. हॉर्नसुद्धा मानले. पण हे शेवटचं खोटं आहे. पिकेट अकरावरच थांबला. खरं सांगा, त्या दिवशी क्रेलनं किती काढले?"